बिघाडाचा बोर्ड : इलेक्ट्रिशियन वर्गाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

शनिवारी लासूरकडचे एक आप्पा विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये आले. पाऊसपाणी आहे तोवर दुरुस्त करून ठेवू म्हणाले. तक्रार एका वाक्याची : "बटन दाबं तं चालस, सोडं तं बंद पडस."

दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच देऊन निकालाची वाट पाहणारे दोघे वर्कशॉपमध्ये होते. दोघांचाही डीओएल स्टार्टरचा (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा साधा स्टार्टर) जॉब वर्षभरात उत्तम झालेला. वायरी सरळ, लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) घट्ट, रंग बरोबर. त्यांच्या हाती स्टार्टर दिला. दीड तासात त्यांनी कॉईल (करंट मिळाला की स्टार्टरचे कॉन्टॅक्ट ओढून धरणारी) काढून पाहिली, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) बदलला, कॉन्टॅक्टच्या टिकल्या पॉलिश पेपरने घासल्या. स्टार्टर होता तसाच. शेवटी मी बसले. होल्डिंग कॉन्टॅक्टच्या (बटन सोडल्यावरही कॉईलला करंट चालू ठेवणारा) १३ नंबरच्या स्क्रूखाली तांबं नव्हतंच, वायरचं इन्शुलेशन दाबलं गेलं होतं. वरून पाहिलं तर जोड अगदी घट्ट दिसतो. दोन मिलिमीटर जास्त सोललं आणि काम झालं.

तेव्हापासून ते दोघे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मुलं हुशार आहेत, हात चांगला आहे. पण आप्पांचं वाक्य त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. बटन दाबल्यावर मोटर चालते म्हणजे फ्यूज ठीक, ओव्हरलोडचा एनसी (एरवी जोडलेला असणारा कॉन्टॅक्ट) ठीक, स्टॉप बटन ठीक, स्टार्ट बटन ठीक, कॉईल ठीक. शेतकऱ्याच्या तोंडच्या एका वाक्याने पाच वस्तू निर्दोष ठरवल्या होत्या. उरला होता फक्त होल्डिंगचा रस्ता, म्हणजे दोन स्क्रू, दोन वायरी आणि एक कॉन्टॅक्ट. मुलांनी नेमक्या निर्दोष वस्तूच खोलल्या.

हे त्यांना आम्ही शिकवलेलंच नाही. आम्ही जुळवायला शिकवलं. शोधायला वेगळं शिकवावं लागतं हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

या वर्षीच्या दुसऱ्या वर्षाच्या तुकडीवर, वीस जणांवर, डिसेंबरपर्यंत हे एकच काम करून पाहायचं ठरवलंय. रोजच्या अभ्यासक्रमाला धक्का न लावता आठवड्यातले दोन तास. स्टार्टरचा जॉब त्यासाठी लवकर घेते आहे. नोंदी इथे.

१२ ऑगस्ट

खान्देशातल्या कानबाई देवीचं विसर्जन. वीसपैकी सात जण आले. नवीन काही घेतलं नाही, जुनी टिपणं काढून बसले.

निदेशकांच्या प्रशिक्षणात आम्हाला पाठाच्या चार पायऱ्या शिकवल्या होत्या : तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीला हजारो नवे कामगार झटपट तयार करायचे होते, त्या धांदलीत ही पद्धत घडली. तिची ताकद मी रोज बघते. सोल्डरिंग, क्रिम्पिंग, कंड्युट वाकवणं, असं काहीही या पद्धतीने शिकवलं की मुलाच्या हातात बसतं. पण तिथे काम आधीपासून ठरलेलं असतं. मी करून दाखवते, तो करतो. बिघाडात दाखवायचं काय? मी मीटर लावते आणि म्हणते, "हे बघा, इथे तुटलंय." मुलाला माझा हात दिसतो. मी तीच जागा का निवडली ते माझ्या डोक्यात राहतं.

आर. एच. दवे या आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९७० मध्ये हाताच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. अनुकरण, मग स्वतःहून हाताळणी, मग अचूकता, मग अनेक कौशल्यांची सांगड, आणि शेवटी सहजता. आमचा जॉब तिसऱ्या पायरीवर संपतो. गुणही तिथेच मिळतात. आप्पांचा स्टार्टर चौथ्या पायरीवर होता.

दुसरं टिपण १९८९ चं आहे. कॉलिन्स, ब्राउन आणि न्यूमन यांनी लिहिलं होतं की सुताराच्या, शिंप्याच्या हाताखाली शिकणाऱ्याला काम डोळ्यांना दिसतं, पण वाचन, लेखन, गणितात गुरूचं खरं काम डोक्यात चालतं. म्हणून गुरूने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवला पाहिजे. मला वाटतं, आमच्या धंद्यात दोन्ही आहे. वायर जोडणं दिसतं, बिघाड शोधणं दिसत नाही.

२० ऑगस्ट

बोर्ड तयार झाला. प्लायवुडची फळी, भंगारात पडलेला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्ट कॉईलचा कॉन्टॅक्टर (कॉईलने ओढला की मोटरीची लाईन जोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले, हिरवं-लाल बटन, आणि मोटरीच्या जागी तीन छोटे दिवे. फळीच्या मागे सहा टॉगल स्विच, प्रत्येक एकेका वायरीच्या मध्ये घातलेला. टॉगल पाडला की ती वायर तुटली. वर पत्र्याचं झाकण आणि कुलूप.

२४ व्होल्ट मुद्दाम ठेवले. मुलांनी चालू सर्किटवर मोजावं असं मला हवंय. ४१५ व्होल्टवर, शिकण्याच्या पहिल्या महिन्यात, वीस जणांच्या गर्दीत ते करू देणं शक्य नाही.

दिवसभर वायरिंग हजेरी क्र. ७ आणि क्र. १४ च्या मुलांनी केलं. झाकणाला ग्रीस लावून बिजागर मऊ केलं ते क्र. ३ ने. ती वर्गातल्या दोन मुलींपैकी एक, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येते, घरी पावरी बोलतात. फार बोलत नाही.

२९ ऑगस्ट

पहिला प्रयोग फसला. कसा फसला ते नीट लिहून ठेवते.

गट पाच जणांचे केले. सूचना एकच : बिघाड शोधा. पहिल्या गटाने मीटर बाजूला ठेवलं आणि खिशातून टेस्टर काढला. २४ व्होल्टवर टेस्टरचा निऑन पेटत नाही. सगळीकडे अंधार दिसल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की सप्लायच नाही. दुसऱ्या गटाने सप्लाय बंद करून मीटर बीपवर (वायर सलग असेल तर वाजतं) लावलं आणि पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक वायर तपासत गेले. बिघाड सापडला, पण वेळ फार लागला. कारण विचारलं तर "बीप वाजलं नही" एवढंच. तिसऱ्या गटात एकाच मुलाने सगळं केलं, चौघांनी पाहिलं. चौथ्या गटाने अंदाज ठोकायला सुरुवात केली : कॉईल, नाही तर रिले, नाही तर बटन. सहा पर्यायांत अंदाज बरोबर यायला फार वेळ लागत नाही.

क्र. ३ मागे उभी होती. दोन तासांत मीटर तिच्या हातात एकदाही आलं नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा. बैल कमी झाले तरी आज निम्म्या पोरांच्या नखांत हिंगूळ होता.

बोर्डाला हात न लावता प्रश्न टाकला. "विहिरीपासून वावरापर्यंत पाईपलाईन गाडलेली आहे. मोटर चालू, शेवटच्या कॉकला पाणी नाही. काय कराल?"

क्र. १४ लगेच बोलला. त्यांच्या केळीच्या वावरात हे दर उन्हाळ्यात होतं. "मधला कॉक खोली देखस."

"पहिल्यापासून खणत का नाही जात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. कोण खणेल? मधल्या कॉकला पाणी आलं तर अलीकडची लाईन चांगली, पलीकडे जायचं. नाही आलं तर पलीकडचं बघायचंच नाही. मग उरलेल्या निम्म्यात पुन्हा मधला कॉक.

मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. बोर्डाकडे बोट केलं. दोन-तीन क्षण गेले आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

आमच्या कंट्रोल सर्किटमध्ये ओळीने आठ तुकडे आहेत. फ्यूज, तिथून रिलेपर्यंतची वायर, रिलेचा ९५-९६ (म्हणजे त्याचा एनसी), तिथून स्टॉपपर्यंतची वायर, स्टॉप, स्टार्ट, कॉईल आणि परतीची वायर. एकाने स्टार्ट दाबून धरायचं. दुसऱ्याने मीटरची काळी पिन सप्लायच्या दुसऱ्या टोकाला टेकवायची आणि लाल पिन थेट मधोमध, स्टॉप बटनाच्या अलीकडे. २४ व्होल्ट आले तर पहिले चार तुकडे सुटले. शून्य आलं तर पुढचे चार सुटले. मग उरलेल्या चारांच्या मध्ये, मग दोनांच्या मध्ये. आठातला एक शोधायला तीन मोजमापं. सोळा असते तरी चारच.

कॉईलपाशी एक बारकी गोष्ट निघाली. कॉईलची दोन टोकं, ए१ आणि ए२. ए१ ला २४ आले आणि तरी ती ओढत नाही. मग ए२ मोजायचा. तिथे शून्य आलं तर कॉईल तुटलेली. तिथेही २४ आले तर कॉईल चांगली आहे, परतीची वायर तुटली आहे. "पाणी कॉकच्या दोन्ही बाजूला सारखंच चढलंय, म्हणजे पुढे निघायला वाट नाही," असं क्र. ९ ने म्हटलं. त्याच्या या वाक्यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

हे सगळं त्यांना येतच होतं. वावरात येत होतं, वर्कशॉपच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहत होतं.

१३ सप्टेंबर

गटाची पद्धत बदलली. आता जोड्या. जोडीत एक 'हात' आणि एक 'तोंड'. हाताने मीटर धरायचं, पण तोंड सांगेल तिथेच लावायचं. तोंडाने काही धरायचं नाही. आणि पिन टेकण्याआधी तोंडाने तीन गोष्टी बोलायच्या : कुठे मोजतोय, काय येईल असं वाटतं, आणि वेगळं आलं तर त्याचा अर्थ काय. प्रत्येक बिघाडानंतर अदलाबदल.

सुरुवातीला वर्ग गप्प झाला. पुस्तकी मराठीत बोलायचं म्हटलं की पोरं अडखळतात, "सदर परिपथामध्ये" वगैरे सुरू होतं आणि तिथेच थांबतं. म्हटलं, घरी बोलता तसं बोला. मग बोर्डाभोवती आवाज वाढला. "आठलोंग (इथपर्यंत) लाईट येस, म्होरे जात नही." "माले वाटस रिले पडेल शे." बोलण्यातल्या चुकाही ऐकू यायला लागल्या आणि मला तेच हवं होतं. क्र. ११ दर वेळी "करंट येतोय का बघ" म्हणतो आणि मीटर व्होल्टवर असतं. दोन्हीतला फरक त्याला दुसऱ्या वर्षात येऊनही कळलेला नाही हे मला आज कळलं. लेखी पेपरात दोन्हींच्या व्याख्या त्याने बरोबर लिहिल्या होत्या.

क्र. ३ ची जोडी क्र. ७ बरोबर लावली. क्र. ७ चा हात वर्गात सगळ्यात चपळ, आणि आज त्याला हातच व्हायचं होतं. ती हळू आवाजात सांगत होती, तो दोनदा तिच्या आधी पिन पुढे न्यायला गेला, दोनदा मी थांबवलं. तिसऱ्या वेळी तो थांबून तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, "ए१ आधी नको. स्टॉपच्या पलीकडे लाव. तिथे चोवीस आले तर मागचं सगळं सोडून देता येतं." तीन मोजमापांत बिघाड निघाला. नंतर हात व्हायची तिची पाळी आली तेव्हा मीटर तिने आपण होऊन उचललं.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा जयंती आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. यंत्रांची पूजा झाली. बोर्डालाही कुंकू लावलं. तास नाही.

२४ सप्टेंबर

सराव कसा द्यावा यावर दोन आठवडे विचार चाललाय.

नेहमीची रीत अशी की आज फक्त होल्डिंगचे बिघाड, उद्या फक्त ओव्हरलोडचे, परवा कॉईलचे. एकेक घोटून पक्का करायचा. यात मुलं भराभर पुढे जातात आणि शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं. पण उद्या त्याच्यापुढे जो स्टार्टर येईल त्याच्यावर "आज ओव्हरलोडचा दिवस" अशी चिठ्ठी नसेल.

१९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम. काहींना एकेक क्रम घोटून दिला, काहींना तिन्ही मिसळून. शिकताना घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मिसळून शिकलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. तेव्हापासून हालचालींच्या शिकण्यात हे अनेकांनी तपासलंय.

वर्गाचे दोन भाग केले. दहा जण घोटून, दहा जण मिसळून. बिघाड तेच, संख्या तीच. दिवाळीनंतर तुलना. दहा-दहा जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण माझ्या वर्गात पुढच्या वर्षी काय करायचं एवढं ठरवता येईल. तुलना झाली की घोटणाऱ्यांनाही मिसळून सराव देईन.

या आठवड्यात मिसळणारे वैतागले आहेत. "मॅडम, दर टाईमले नवंच येस." क्र. १८ ने तर भाग बदलून मागितला.

८ ऑक्टोबर

आज टेस्टरचा पाठ. या प्रकल्पातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तास, म्हणून सविस्तर.

खान्देशात कुठल्याही वायरमनच्या खिशात टेस्टर असतोच. दिवा लागला म्हणजे लाईट आहे, नाही लागला म्हणजे नाही. मुलं हे घरून शिकून येतात. नुसतं "टेस्टरवर विश्वास ठेवू नका" म्हटल्याने ते जाणार नाही.

४१५ व्होल्टचा खरा स्टार्टर पॅनेलवर लावला. मोजणार मी एकटी, हातात मोजे, पायाखाली रबरी मॅट, मुलं पिवळ्या रेषेच्या मागे. मोटर काढून ठेवली. आर, वाय, बी या तीन फेजपैकी कॉईल आर आणि वायच्या मध्ये. मेन स्विच बंद करून वाय फेजकडून ए२ ला येणारी वायर सोडवली. सप्लाय पुन्हा दिला, क्र. ५ ला स्टार्ट दाबून धरायला सांगितलं. कॉन्टॅक्टर ओढत नाही. टेस्टर ए१ ला लावला, पेटला. ए२ ला लावला, तिथेही पेटला.

"काय झालंय?"

एकमताने उत्तर आलं : दोन्हीकडे लाईट आहे, म्हणजे कॉईल जळली.

मेन बंद केला, मुलांसमोर कॉईल काढून मीटरवर दाखवली. चांगली. मग विचारलं, ए२ ला तर वाय फेजची वायरच नाही, टेस्टर कशावर पेटला?

बराच वेळ कोणी बोललं नाही. क्र. ९ पुन्हा पाईपलाईनवर गेला आणि तिथून वाट निघाली. आर फेज कॉईलमधून आरपार येऊन ए२ वर नुसता उभा आहे. टेस्टरला पेटायला अगदी सूक्ष्म करंट पुरतो, तेवढा कॉईलमधून सहज येतो. टेस्टर सांगतो की इथे काहीतरी आहे. ते आर आहे की वाय, हे त्याला सांगता येत नाही. व्होल्टमीटर ए१ आणि ए२ च्या मध्ये लावला तर शून्य. दोन्ही टोकांना एकच फेज, मग कॉईल ओढणार कशाने?

मोटर जोडलेली असली की हाच प्रकार उडालेल्या फ्यूजवर होतो. कॉन्टॅक्टर चालू असताना वाईंडिंगमधून फेज मागे फिरून येतो आणि फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेस्टर पेटतो. माणूस म्हणतो फ्यूज चांगला आहे, मोटर वाईंडिंगला पाठवतो. असे किती वाईंडिंग विनाकारण उकलले गेले असतील.

क्र. ११ तास संपल्यावर थांबला. म्हणाला, आमच्याकडे मागच्या वर्षी असंच झालं होतं. मग थोड्या वेळाने, "म्हणजे व्होल्टेज दोन जागांच्या मधलं असतं." मी त्याला ते वाक्य जर्नलच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितलं.

१६ ऑक्टोबर

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, पोरांना आधी पन्नास स्टार्टर जोडू द्या, बिघाड आपोआप कळायला लागतील, आम्ही असेच शिकलो. त्यांचा हात मी पाहिलाय, त्यामुळे वाद घालायला संकोच वाटतो. पण ते शिकले तेव्हा त्यांच्या उस्तादाबरोबर वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले होते. आमच्या मुलांना आमच्याकडे दोन वर्षं मिळतात, आणि स्टार्टरला त्यातले काही आठवडे. उस्तादाच्या मागे फिरताना जे दहा वर्षांत झिरपतं ते थोड्या वेळात द्यायचं असेल तर बोलूनच द्यावं लागेल. त्यांना एकदा बोर्डावर यायची विनंती केली आहे. येतो म्हणाले.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला मोठा कार्यक्रम. क्र. १४ च्या काकांच्या वावरात, अडावदच्या रस्त्याला, आठ जणांना घेऊन गेले. गहू-हरभऱ्याची पेरणी चालू, शेतीला या आठवड्यात रात्रपाळीची लाईट. दिवसा लाईट नाही म्हणून काम निवांत करता आलं, तरी आधी मेन स्विच पाडून, त्याला आपलं कुलूप लावून, मीटरने तिन्ही फेज मोजूनच स्टार्टर उघडला. लाईट कधीही येऊ शकते, आणि इथे तर ऑटो स्विच होता. रात्री दोनला लाईट आली तरी शेतकऱ्याला उठावं लागू नये, मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून तो बसवतात. बिबट्या आणि सापाच्या भीतीने रात्री वावरात जायचं नसेल तर त्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही.

स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) बायपास केलेला. ५ एचपीची मोनोब्लॉक मोटर, पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर, आणि ओव्हरलोड रिले ९ ते १४ चा. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी मोठा बसवून दिला होता. हिरव्या बटनाच्या खाचेत बाभळीची काडी खोचलेली, म्हणजे होल्डिंगही गेलेलं. मोटर मागच्या दोन वर्षांत दोनदा जळाली होती.

मुलांनी काही खोलण्याआधी काकांना प्रश्न विचारले, हे मी सांगितलं नव्हतं. जळण्याआधी आवाज कसा येत होता? गुणगुणत होती का? पाणी कमी झालं होतं का? काकांनी सांगितलं, गुणगुणत होती, पण बंद पडली नाही.

तेव्हा क्र. ३ म्हणाली, "कॉईल आर आणि वाय वर आहे. बी गेला तर कॉईलला कोण सांगणार?"

तेच झालं होतं. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर तेवढाच भार ओढताना करंट सुमारे १.७३ पट होतो. साडेसाताचे तेरा. योग्य लावलेला रिले काही वेळात पडला असता. १४ वर लावलेला रिले तेरावर पडणारच नाही. कॉईलला तिचे दोन फेज मिळत राहिले, तिने मोटर धरून ठेवली, आणि वाईंडिंग शिजत राहिलं.

प्रिव्हेंटर पुन्हा जोडला. योग्य रिले काका चोपड्याहून आणणार आहेत, तोवर मोटर चालवायची नाही असं कबूल केलं. होल्डिंगचा बिघाड क्र. ७ आणि क्र. १८ च्या जोडीने शोधला, कॉन्टॅक्टची पट्टी तुटली होती. काडी क्र. १४ ने काढली आणि बांधावर फेकली. काकूंनी सगळ्यांना शेवभाजी आणि भाकरी वाढली.

पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलांना गावाची खरी कामं करत करत तंत्र शिकवतात. त्याचा अर्थ आज मला पूर्ण कळला. बोर्डावर बिघाड शोधून दिवा लागतो. इथे एका घराची मोटर वाचते, आणि प्रश्न विचारताना मुलांचा आवाज बदलतो.

२० नोव्हेंबर

मतदान. दोन दिवस निवडणुकीचं काम. बोर्ड कुलपात.

२ डिसेंबर

तुलना झाली. तीन आठवडे कोणी बोर्डाला हात लावला नव्हता. प्रत्येक जोडीला चार बिघाड, कुठले ते सांगितलं नाही.

सप्टेंबरात घोटणारे स्पष्टपणे पुढे होते, माझ्या वहीत वेळा आहेत. आज मिसळणारे पुढे. वेळेतला फरक फार मोठा नाही, मोजमापांच्या संख्येतला मोठा आहे. घोटणाऱ्यांच्या बहुतेक जोड्यांनी पहिलं मोजमाप सवयीच्या जागी घेतलं. ज्या बिघाडावर त्यांचा सराव शेवटी झाला होता तिथेच. मिसळणारे आधी लक्षण विचारतात : दिवे लागतात का? दाबल्यावर लागतात की अजिबातच नाही? मग मधोमध.

क्र. १८, ज्याने भाग बदलून मागितला होता, त्याने एक बिघाड मीटर न लावता सांगितला आणि मग मीटरने सिद्ध करून दाखवला.

दोन जोड्या अजूनही अंदाजावरच चालतात. एका जोडीतल्या दोघांना आकृती वाचता येत नाही. फळीवरची वस्तू ओळखतात, कागदावरची खूण नाही. ही माझी चूक आहे. मी बोर्डापासून सुरुवात केली आणि आकृती सगळ्यांना येते असं धरून चालले. पुढच्या आठवड्यात त्या दोघांना फळीवरची प्रत्येक वायर बोटाने धरून कागदावर स्वतः काढायला लावायची. बाकीच्यांना घोटण्या-मिसळण्याचा भेद आजपासून बंद, सगळे मिसळून.

१२ डिसेंबर

आज मुलांनी बिघाड घातला आणि शोधायचा मी. ज्येष्ठ सहकारीही आले होते, माझ्या शेजारी उभे राहिले. ते हात, मी तोंड.

बिघाड क्र. ११ चा. स्टार्ट दाबलं की कॉन्टॅक्टर थरथरतो, घरघर आवाज, पूर्ण ओढत नाही. मी म्हटलं, होल्डिंग नाही, कारण दाबून धरलंय. मधोमध मोजलं. चोवीस. ए१ ला मोजलं. अकरा ते सोळाच्या मध्ये हलतंय. आमच्या सगळ्या पद्धतीत उत्तर हो किंवा नाही असतं, हे दोन्ही नव्हतं. सप्लाय बंद करून सहकाऱ्यांनी प्रत्येक वायर बीपवर लावली. सगळ्या वाजल्या. मुलं गप्प उभी, क्र. ११ खाली बघून हसू दाबत होता.

वीस मिनिटं गेली. मग सहकारी म्हणाले, "मॅडम, बीप वाजवायला मीटर किती करंट सोडतं? काहीच नाही. कॉईल ओढताना वाहतो तेवढ्या करंटवर बघा." पुन्हा सप्लाय, पुन्हा दाबून धरलं, आणि या वेळी मीटरच्या पिना एकेका जोडाच्या दोन बाजूंना लावत गेलो. चांगल्या जोडावर शून्यच यायला हवं. स्टार्ट बटन ते ए१ या वायरच्या लगवर दहा व्होल्ट.

लग काढून पाहिला. आत वायरीचे बहुतेक पदर तुटलेले, उरलेले हिरवे-काळे पडलेले. क्र. ११ ने तो घरच्या जुन्या स्टार्टरमधून काढून आणला होता. विहिरीच्या दमट हवेत वर्षानुवर्षं असलेला. नुसत्या मीटरला तो जोड पुरेसा, कॉईलला अपुरा. "दोन जागांच्या मधलं असतं ना मॅडम," तो म्हणाला.

सहकाऱ्यांनी लग हातात घेऊन उजेडाकडे धरला, मुलांना एकेक करून दाखवला. पुढच्या गुरुवारी आपल्याकडचे जुने जळके कॉन्टॅक्टर घेऊन येणार आहेत. फळीच्या मागे सातवी जागा करायची आहे. तिथे टॉगल नाही, हा लगच बसवायचा.